योहाना आणि तिच्या ऐंशी बुरश्या

1907 साली साधारण ऐंशी जिवंत बुरश्यांचा एक संग्रह नेदरलँड्समध्ये एका हातातून दुसऱ्या हातात गेला. देणारे होते युट्रेख्टचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक वेंट. घेणारी होती योहाना वेस्टरडाइक, वय वर्षं चोवीस, अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका छोट्याशा प्रयोगशाळेची संचालिका. संग्रह मालकीने वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, पण रोजचं त्याचं बघायचं कोणी, हा प्रश्न होता. योहानाने तो घेतला आणि पुढची पन्नास वर्षं हातातून सुटू दिला नाही.

ऐंशी हा आकडा वाचून कुणाला काही वाटायचं नाही. बुरशीच्या प्रयोगशाळेत दिवस काढलेल्या माणसाच्या मात्र तो अंगावर येतो. मी अशाच प्रयोगशाळेत वाढले, म्हणून सांगते. वाळवून कागदावर चिकटवलेलं झाड कपाटात शंभर वर्षं राहतं. जिवंत बुरशी तशी राहत नाही. ती नळीतल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या घट्ट खाद्यावर, वाढते, अगार खाते, तिथलं पाणी संपत जातं, अगार आक्रसून काचेला चिकटतो, आणि त्याआधी तिला नव्या नळीत नेलं नाही तर ती मरते. प्रत्येक बुरशीची वेळ वेगळी. कुणी सहा महिने कळ काढते, कुणी सहा आठवड्यांत संपते. शीतगृहं, द्रवरूप नायट्रोजन, गोठवून वाळवणं या सगळ्या नंतरच्या गोष्टी. योहानाच्या हाती होती एक सुई, एक ज्योत आणि एक वही.

ते काम कसं चालतं ते एकदा नीट बघावं. सुई ज्योतीत लाल होईपर्यंत धरायची, मग बाहेर काढून निवू द्यायची. जुन्या नळीचा कापसाचा बोळा करंगळी आणि तळहात यांच्यामध्ये पकडून काढायचा, कारण तो टेबलावर ठेवला की हवेतल्या दहा उपऱ्या बुरश्या त्याला चिकटल्याच. नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं. वाढीच्या अगदी कडेचा, जिथे तंतू कोवळे असतात तिथला, तांदळाच्या कणीएवढा तुकडा उचलायचा आणि नव्या तिरक्या अगारच्या मधोमध ठेवायचा. पुन्हा ज्योत, पुन्हा बोळा, नाव, क्रमांक, तारीख. दोन-तीन दिवसांनी तुकड्याभोवती पांढरा धूसर कडा दिसला की जीव भांड्यात पडतो. नाही दिसला तर जुनी नळी अजून शाबूत आहे ना, ते बघायला धावायचं.

एवढ्यावरही भागत नाही. बुरशीला काय खायला घालायचं याचंही शास्त्र आहे. साखर घातलेल्या सकस अगारवर ती माजते, नुसती पांढरी आणि केसाळ होते, आणि बीजाणू धरायचं सोडून देते. मग तिची ओळखच पटत नाही, कारण बुरशी ओळखायची ती बीजाणूंवरून आणि ते ज्या दांड्यावर धरतात त्याच्या ठेवणीवरून. तिला थोडं उपाशी ठेवावं लागतं. कुणाला ओटचा अगार, कुणाला चेरीच्या काढ्याचा, कुणाला बटाटा आणि गाजराचा. शिवाय माइट्स. डोळ्यांना जेमतेम दिसणारे हे किडे एका नळीतून दुसऱ्या नळीत चालत जातात आणि पायांना बीजाणू घेऊन जातात. एका रात्रीत शेल्फच्या शेल्फ खलास. 1940 च्या दशकात त्यावर एक सुंदर युक्ती निघाली: नळीच्या तोंडावर सिगारेटचा पातळ कागद, मोरचूद घातलेल्या जिलेटिनने चिकटवलेला. हवा जाते-येते, किडा जात नाही. आधीच्या तीस-पस्तीस वर्षांत तीही सोय नव्हती.

हे सगळं पन्नास वर्षं. आणि ऐंशीचे पुढे दहा हजारांहून जास्त झाले.

योहानाचा जन्म 4 जानेवारी 1883 चा, अ‍ॅमस्टरडॅमच्या शेजारच्या न्यूअर-आम्स्टेलचा. घरात आणि मित्रमंडळींत तिला हान्स म्हणत. तिला व्हायचं होतं पियानोवादक. हाताच्या नसेच्या दुखण्याने ते राहिलं. मग ती अ‍ॅमस्टरडॅमला ह्यूगो द व्रीस यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकायला गेली. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम 1900 साली ज्यांनी पुन्हा उजेडात आणले त्यांपैकी हे एक. गुरू एवढा मोठा, पण तिच्या शाळेत लॅटिन आणि ग्रीक नव्हतं, आणि त्या दोन भाषांवाचून डच विद्यापीठात डॉक्टरेट करता येत नव्हती. मुलींना अशा शाळेत घालायचं आणि पुढे त्याच शाळेवर बोट ठेवून दार लावायचं, हा अन्याय इतका नीटनेटका होता की तो कुणाला अन्याय वाटतही नसावा. तिने त्यावर डोकं आपटलं नाही. म्युनिकला वनस्पतिशास्त्रज्ञ गोबेल यांच्याकडे काम केलं आणि 1906 मध्ये झ्यूरिकहून मॉस जातीच्या शेवाळांच्या पुनर्वाढीवर डॉक्टरेट आणली.

त्याच वर्षी ती संचालिका झाली. ही प्रयोगशाळा एका आईवडिलांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, विली कोमेलिन स्कोल्टेनच्या, नावाने उभी केली होती. त्याला वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करायचा होता, तो राहून गेला. तिथले पहिले संचालक रित्झेमा बोस वाखेनिंगेनला गेले आणि जागा रिकामी झाली. तेवीस वर्षांच्या मुलीला ती मिळाली. वनस्पतींचे रोग म्हणजे बव्हंशी बुरश्या. शेवाळावर डॉक्टरेट केलेली ही मुलगी बुरशीच्या मुलखात आली ती अशी, रिकाम्या खुर्चीच्या वाटेने. मला हे फार आवडतं. आवड आधी आणि काम मागून, असंच सगळ्यांच्या बाबतीत होत नाही. काही माणसं कामात उतरतात आणि मग त्या कामावर जीव लावतात.

संग्रह आल्यावर तिने तो नुसता जगवला नाही. जगभर पत्रं गेली. तुम्ही नवी बुरशी शोधलीत, तिचं वर्णन छापलंत, तर तिची एक जिवंत नळी आमच्याकडे पाठवा. बदल्यात आमच्याकडची हवी ती मागवा. यात काय मोठं, असं वाटेल. पण त्या काळी बुरशीची नावं म्हणजे गोंधळ होता. एकाच बुरशीला जर्मनीत एक नाव, इटलीत दुसरं, आणि दोघांकडे पुरावा म्हणून एक चित्र आणि एक परिच्छेद. खरी बुरशी कुणाकडे? ती कधीच मेलेली. जिवंत नमुना एका ठिकाणी मिळायला लागला तेव्हा दोन माणसं दोन देशांत बसून एकाच गोष्टीबद्दल बोलायला लागली. ज्या कामाला पुढे पुढे ‘सेवा’ म्हणून संशोधनाच्या खालच्या पायरीवर बसवलं गेलं, त्या कामावाचून ते संशोधन उभंच राहत नव्हतं. या भेदाचा मला मनापासून राग आहे. नळ्या सांभाळणारी बाई मदतनीस आणि त्या नळीवर लेख लिहिणारा शास्त्रज्ञ, ही विभागणी मी जवळून पाहिली आहे आणि मला ती कधीच पटली नाही.

1913 मध्ये योहाना डच ईस्ट इंडीजला गेली, सुमात्रा आणि जावा. तिथले मळे, तिथल्या पिकांचे रोग, दमट हवेत तासातासाला वाढणारी बुरशी. परतीच्या वेळी युरोपात महायुद्ध पेटलेलं, म्हणून ती जपान आणि अमेरिकामार्गे घरी आली. पृथ्वीप्रदक्षिणा झाली म्हणायची. तिला प्रवास आवडायचा, नाच आवडायचा, बिअर आणि सिगार आवडायचे, आणि यातलं काही ती लपवत नसे.

10 फेब्रुवारी 1917. युट्रेख्ट विद्यापीठात प्राध्यापक म्हणून तिचं पहिलं व्याख्यान, वनस्पतिरोगांच्या संशोधनाच्या नव्या वाटा या विषयावर. नेदरलँड्समधली ती पहिली स्त्री प्राध्यापक. त्या दिवशी तिला मतदानाचा हक्क नव्हता. डच स्त्रियांना तो 1919 मध्ये मिळाला. विद्यापीठात शिकवू शकत होती, डॉक्टरेट देऊ शकत होती, आणि निवडणुकीच्या दिवशी घरी बसणं भाग होतं. 1924 मध्ये तिथे आणखी एक नियम आला: सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की नोकरी गेली. तो 1957 पर्यंत राहिला. योहानाने लग्न केलं नाही. का केलं नाही, हा तिचा प्रश्न. पण ज्यांना संसार आणि सूक्ष्मदर्शक दोन्ही हवं होतं त्या मुलींचं काय झालं असेल, हा विचार तिचं चरित्र वाचताना माझी पाठ सोडत नाही.

1920 च्या सुमारास प्रयोगशाळा आणि संग्रह दोन्ही बार्न या गावी, जावा नावाच्या एका बंगल्यात हलले. इथलं वातावरण हा तिच्या आयुष्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. ‘काम आणि सणसोहळे, त्यातून घडतात सुंदर मनं’ अशा अर्थाचं एक यमकबद्ध डच वचन ही त्या घराची रीत. कुणाची डॉक्टरेट झाली की मेजवानी, गाणी, नाच. कंटाळवाण्या आणि एकसुरी आयुष्याने बुरशीसुद्धा मरते, असं ती म्हणायची, असं आजही सांगितलं जातं. आणि ज्याने बुरशी सांभाळली आहे त्याला हे अक्षरशः खरं वाटेल. एकाच अगारवर वर्षानुवर्षं ठेवलेली बुरशी खरोखरच मंदावते. तिला मधूनमधून बदल लागतो. काही रोगकारक बुरश्यांना पुन्हा एकदा त्यांच्या मूळच्या झाडावर वाढवावं लागतं, तेव्हा त्यांच्यात जोर येतो.

तिच्या हाताखाली 56 जणांनी डॉक्टरेट केली. त्यातल्या जवळजवळ निम्म्या स्त्रिया. तिच्या आधी त्या देशात एकही स्त्री प्राध्यापक नव्हती, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचावा. तिने मुलींसाठी म्हणून काही वेगळी योजना काढली होती असं नाही. तिने त्यांना चांगले विषय दिले. कठीण, ताजे, जगाला हवे असलेले विषय. माझ्या मते शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी करायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. चांगला विषय स्वतःकडे ठेवून उरलेला विद्यार्थ्याला देणारे पुष्कळ असतात.

एल्मचंच बघा. पहिलं महायुद्ध संपता संपता नेदरलँड्स, बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये एल्मची झाडं भर उन्हाळ्यात वाळायला लागली. कालव्यांच्या काठाने, रस्त्यांच्या दुतर्फा लावलेली, वाऱ्याला न जुमानणारी झाडं. एखाद्या फांदीची पानं आधी मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात, मग दुसरी फांदी, आणि पाहता पाहता मोठा वृक्ष उभ्या उभ्या जातो. लोक म्हणाले, युद्धातल्या विषारी वायूचा परिणाम. कुणी म्हणालं दुष्काळ, कुणी म्हणालं जिवाणू. योहानाने हा विषय दिला बेआ श्वार्त्स या विद्यार्थिनीला. वाळलेली डहाळी आडवी कापली की लाकडाच्या वलयात तपकिरी ठिपक्यांची माळ दिसते. बेआने त्या डागांतून एक बुरशी वेगळी काढली आणि 1922 च्या आपल्या प्रबंधात सांगितलं की मारेकरी ही आहे.

विश्वास बसला नाही. विशेषतः जर्मनीतल्या काही अभ्यासकांनी जिवाणूंची बाजू लावून धरली. खरी अडचण अशी की बुरशी निरोगी झाडाला टोचली तरी दर वेळी रोग हमखास होत नव्हता. बेआ पुढे ईस्ट इंडीजला निघून गेली, आणि प्रश्न बार्नमध्येच दुसऱ्या मुलीच्या हाती आला. क्रिस्तीने बाउसमन. तिने टोचण्याची वेळ बदलून पाहिली. वसंताच्या शेवटी, उन्हाळ्याच्या तोंडाशी एल्मच्या लाकडात नव्या रुंद जलवाहिन्या तयार होतात. बुरशी तेव्हा आत गेली तर बीजाणू पाण्याबरोबर सरसर वर चढतात. झाड घाबरल्यासारखं आपल्याच वाहिन्यांत डिंक आणि पेशींचे फुगे सोडून वाट बंद करतं, बुरशी थांबावी म्हणून. पण त्याने पाणीही थांबतं. वाळणं आहे ते असं. क्रिस्तीनेच्या झाडांनी नेमकी तीच लक्षणं दाखवली आणि वाद मिटला. 1932 मध्ये तिने याच बुरशीची लैंगिक अवस्थाही शोधली. सालीत राहणारे भुंगेरे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर बीजाणू नेतात, हेही त्या वर्षांत उलगडलं. हॉलंडमधल्या या अभ्यासामुळेच तो रोग जगभर डच एल्म रोग म्हणून ओळखला जाऊ लागला.

क्रिस्तीने पुढे रोगाला दाद न देणारी एल्म शोधत राहिली. रोपं वाढवायची, प्रत्येकाला बुरशी टोचायची, कोण तगतं ते बघायचं. 1936 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, एका शस्त्रक्रियेनंतर ती गेली. तिने निवडलेल्या रोपांपैकी एक लगोलग तिच्याच नावाने बाहेर आलं. त्या वाणात पुढे उणिवा निघाल्या, दुसऱ्या एका बुरशीला ते बळी पडायचं. तरी पुढच्या सगळ्या प्रतिकारक एल्मची सुरुवात तिथेच आहे. एका प्रयोगशाळेतल्या स्त्रियांनी एकीने सोडलेला धागा दुसरीने उचलत एका खंडाच्या झाडांचा रोग उकलला. आणि त्यांना तो विषय देणारी योहाना या गोष्टीत उरते ती फक्त मार्गदर्शक म्हणून.

1932 ते 1936 या काळात ती विद्यापीठीय स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची अध्यक्षही होती. जर्मनीत त्या वर्षांत काय सुरू झालं होतं ते वेगळं सांगायला नको. पुढे 1940 मध्ये ते तिच्या दारातच आलं.

जर्मन ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये बार्नचा संग्रह एकाएकी मोलाचा झाला, कारण त्यात पेनिसिलियम होत्या, म्हणजे ज्यांच्यातून पेनिसिलिन हे औषध मिळतं त्या गटातल्या बुरश्या. ब्रिटन आणि अमेरिकेत पेनिसिलिनवर काम चाललंय याची कुणकुण सगळ्यांना होती. जर्मनांनी पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगच्या जातीची बुरशी मागितली. नाही म्हणण्याची सोय नव्हती. योहानाने नळी पाठवली, पण पेनिसिलिन न देणारी. आणि तिकडे डेल्फ्टमधल्या यीस्टच्या कारखान्यात काही माणसं चोरून स्वतःचं पेनिसिलिन शोधत होती. त्यांना बार्नहून पेनिसिलियमच्या अनेक स्ट्रेन, म्हणजे वेगवेगळे वाण, मिळाल्या. त्यांतली सहाव्या क्रमांकाची, पेनिसिलियम बॅक्युलेटम, सर्वांत सरस निघाली. कुणाला सुगावा लागू नये म्हणून कारखान्याने त्या द्रव्याला बॅसिनॉल असं टोपणनाव दिलं. युद्ध संपलं तेव्हा डेल्फ्टकडे बहुतांशी स्वतःच्या बळावर बनवलेलं पेनिसिलिन होतं.

ती सहाव्या क्रमांकाची नळी संग्रहात कुणी, कधी घातली असेल? ज्या दिवशी घातली त्या दिवशी तिचा काय उपयोग आहे हे कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. तरी कुणीतरी दर काही महिन्यांनी सुई लाल करून ती पुढच्या नळीत नेत राहिलं. यादीतल्या ज्या शेकडो बुरश्या कुणीच मागवत नाही, त्यांच्यासाठीही तेच केलं. हवी ती ठेवू, नको ती टाकू, असा निवाडा करायला योहाना बसली असती तर तिचं काम निम्मं झालं असतं. तिने तो निवाडा केला नाही. तिच्या स्वतःच्या नावाने ओळखला जाणारा एखादा जाडजूड ग्रंथ नाही, एखादा मोठा सिद्धांत नाही. म्हणून विज्ञानाच्या इतिहासात ‘पहिली डच स्त्री प्राध्यापक’ या एका ओळीत तिची बोळवण होते, आणि ती ओळ खरी असली तरी मला तोकडी वाटते.

1930 पासून ती अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातही प्राध्यापक होती. 1952 मध्ये तिने अध्यापन सोडलं, पण संग्रहाकडे तिचं लक्ष त्यानंतरही राहिलं. पुढे तो आगाथे फान बेव्हरवाइक या दुसऱ्या स्त्री शास्त्रज्ञाकडे गेला. 15 नोव्हेंबर 1961 रोजी बार्नमध्येच योहानाचं निधन झालं.

संग्रह आता युट्रेख्टला आहे, एक लाखाहून जास्त स्ट्रेन. 2017 मध्ये, तिच्या प्राध्यापकीला शंभर वर्षं झाली तेव्हा, संस्थेला तिचं नाव मिळालं, आणि डच सरकारने देशात शंभर जादा स्त्री प्राध्यापक नेमण्यासाठी निधी दिला. शंभर वर्षं गेल्यावरही असा खास निधी काढावा लागला, हे वाचून मला आनंद आणि चीड एकदमच आली होती.

तिच्या हयातीत तिला मिळालेला एक मान मात्र मला या सगळ्याहून जवळचा वाटतो. संग्रहात काम करणाऱ्या आमेलिया स्टोल्क यांना खारफुटीच्या चिखलातून आलेल्या एका बुरशीत कुठल्याच माहीत वंशात न बसणारं काहीतरी दिसलं. 1955 मध्ये त्यांनी नवा वंश मांडला आणि त्याचं नाव ठेवलं वेस्टरडायकेला. पुढे त्या वंशात आणखी जाती सापडत गेल्या. मातीतून, शेणातून, पाण्याकाठच्या गाळातून. आज कुणा विद्यार्थिनीला ती बघायची झाली तर युट्रेख्टला मागणी नोंदवायची, नळी आली की थोडा तुकडा ओटच्या अगारवर ठेवायचा आणि बीजाणू धरायची वाट बघायची.